आशियाई दृष्टिकोन आणि एक फोटोफ्रेम

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी माझं आयुष्य बदललं. ती काउंटरला टेकून म्हणाली, "हा हिरवा डोळ्यात जातो हो," आणि तिथंच बदललं. आधीचा आर्जव संपला.

आता नीट लिहितो. दुकान माझं नाही, मावसभाऊ भरतेशदादाचं. सांगलीत, मार्केट यार्डाजवळ, फ्लेक्सचं. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडल्यापासून मी इथं बसतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लोकांची पोटं आत घेतो, गाल गोरे करतो. आणि आज ही आली. राजेश्वरी. साताऱ्याची. मी ज्या कॉलेजातून भांडून बाहेर पडलो, नेमकी तिथंच प्रकल्प सहायक म्हणून लागली आहे. दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेनं कॉलेजला काम दिलंय — प्राध्यापकांनी आपापल्या विषयात आशियाई दृष्टिकोन कसा आणावा, याची कार्यशाळा. तिचा फ्लेक्स करायचा होता.

म्हटलं, "म्हणजे काय आणायचं?"

"असं बघा. इतिहास शिका, अर्थशास्त्र शिका, उदाहरणं सगळी लंडनची नि न्यूयॉर्कची. इंडोनेशियात, व्हिएतनाममध्ये, कोरियात लोक काय विचार करतात, ते आपल्या धड्यात येतच नाही. प्रत्येक प्राध्यापकानं एक धडा घ्यायचा आणि त्यात ते आणायचं."

"ते आणतील?"

"तुम्ही फ्लेक्स करा," ती म्हणाली.

काय गोड बोलते!

ती गेल्यावर दादा म्हणाला, "गिऱ्हाईक गेलं रं. काउंटरवरनं कोपर काढ आता."

११ फेब्रुवारी, बुधवार

हिरवा काढून पिवळा केला, व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचं उत्तर — "ओके". तिच्या ओकेत इतरांच्या ओकेपेक्षा काहीतरी जास्त आहे. दादाला दाखवलं. म्हणाला, "मला तर तेवढंच दिसतंय." माणूस दगड आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉलची मापं घ्यायला कॉलेजात गेलो. मी शिडीवर, हातात टेप, आणि खाली बैठक चाललेली. वर कुणी बघेना. विषय — प्रतिमापूजन. आपल्याकडं कुणाच्या तरी फोटोला हार घातल्याशिवाय माईकसुद्धा चालू होत नाही. पण आशियासाठी फोटो कुणाचा?

प्राचार्य वीरधवल माने म्हणाले, "नेहमीची सरस्वती आहे की."

भूगोलाचे मुजावर सर म्हणाले, "सरस्वती असू दे. पण विषय आशिया. माझ्याकडं आशियाचा मोठा नकाशा आहे, त्यालाच हार घालू."

"सीमा नीट आहेत ना त्यात? वरून पत्र यायचं." प्राचार्य.

"नीट म्हणजे, रशिया अजून फुटलेला नाही."

"मग राहू द्या."

गणिताच्या संयोगिता मॅडम म्हणाल्या, "गणितात दृष्टिकोन नसतो आणि फोटोही नसतो. मी जाऊ का? तास आहे माझा."

शेवटी राजेश्वरीनं तोड काढली. इंडोनेशियाहून प्रमुख पाहुणे येणार आहेत, डॉ. हरतोनो. त्यांचे गुरू डॉ. सुबग्यो, ते वारले. शेजाऱ्यांना आपल्या धड्यात जागा द्या, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचा फोटो ठेवू. सगळे हो म्हणाले. त्यांना कुणीच ओळखत नव्हतं, म्हणून कुणाचा विरोध नव्हता.

मी शिडीवरनं टाळी वाजवली. वाजली तर वाजली.

"कोण तो वर?" प्राचार्य.

अर्थशास्त्राच्या आप्पासो चौगुले सरांनी चष्मा वर करून बघितलं. "पाटलांचा आर्जव. माझ्या तासातून उठून गेला तो अजून आलेला नाही."

तिनं वर बघितलं. हसली. आता ते कशाला हसली, यावर रात्र जाणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

माझ्यासारखा गाढव सांगली जिल्ह्यात नाही. कवठे महांकाळ धरून नाही.

संध्याकाळी ती प्राध्यापकांच्या धड्यांच्या पोस्टरचा आकार ठरवायला दुकानात आली. काम झालं. पर्स उचलली आणि म्हणाली, "भूक लागली बाई. चला, भेळ खाऊया का?" आजच्या दिवशी! स्वतःहून! आणि मी काय म्हणालो?

"सूर्य मावळला."

आमच्या घरात सूर्य मावळला की खाणं बंद. पर्युषणात आईला शब्द दिलाय, तो पाळतो. त्यात लाज नाही. पण माणसानं पुढं काहीतरी बोलावं ना. तुम्ही खा, मी बसतो. मी सोबत येतो. उद्या दुपारी जाऊ. काहीही! मी नुसतं बाहेर बोट दाखवून उभा. तिनंही वाकून बाहेर बघितलं.

"हो, मावळला," म्हणाली. आणि गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आई विचारते, जेवत का नाहीस, सूर्य तर डोक्यावर आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चौगुले सर दुकानात! पायरी चढताना बघितलं आणि माझं डोकं तापलं. ह्याच माणसानं मला वर्गाबाहेर काढलं होतं. मागणी-पुरवठा शिकवताना रॉबर्ट ब्रेड आणि लोणी विकत घेतो, रॉबर्टची भूक भागते, असं चाललेलं. मी उभा राहून म्हटलं होतं, "सर, सांगलीत रॉबर्ट कोण? भाकरीचं सांगा की." ते म्हणाले, "बाहेर हो." मी झालो. परत गेलो नाही.

आज म्हणाले, "पोस्टर करायचंय. आशियाई दृष्टिकोन घातलाय मी." कागद दिला. वाचला. जिथं जिथं रॉबर्ट होता तिथं यामामोटो केलं होतं. यामामोटो ब्रेड आणि लोणी विकत घेतो. यामामोटोची भूक भागते.

म्हटलं, "सर, हा रॉबर्टच आहे. नुसता जपानला गेलाय."

"मग तू सांग, काय करू? त्या राजेश्वरीनं तर तीस पानं वाचायला दिली आहेत!"

असा आवाज चढला की मशीनवरचा दादा बाहेर आला. मशीनमधनं तेव्हा कुणाच्या तरी हळदीचा फ्लेक्स निघत होता — नवरी पिवळी, नवरदेव पिवळा, मामा पिवळे. सर बोलता बोलता थांबले. फ्लेक्सकडं बघत राहिले.

"जावातसुद्धा नवरीला हळद लावतात," हळूच म्हणाले. "त्या पानांत होतं ते. मी म्हटलं, ह्याचा अर्थशास्त्राशी काय संबंध." मग एकदम माझ्याकडं वळले. "लग्नसराईत हळदीची मागणी किती हलते रे?"

"मला काय ठाऊक?"

"बाप हळदीच्या अडतीत आणि पोराला ठाऊक नाही! जा, विचार. सांगली काय म्हणते, मला हवंय. जावा काय म्हणतं ते मी शोधतो."

म्हणजे गृहपाठ दिला! कॉलेज सोडलेल्याला! आणि मी वडिलांना, अप्पांना, विचारायला गेलोसुद्धा. अप्पा म्हणाले, "नवरीच्या अंगाला लागती चिमटीभर. त्यानं काय भाव हलतोय? भाव हलतो पावसानं." सरांना फोन करून सांगितलं. ते लय खूश. म्हणाले, "उत्तम. म्हणजे माझं अनुमान चुकलं. आता खरा धडा झाला."

पुढं त्यांनी विचारलं, "तू वर्गात असाच भांडायचास ना?" मी फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. आठवडाभर प्रत्येक मंडळाचा फ्लेक्स. प्रत्येकाला आपला चेहरा दुसऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठा पाहिजे. डोळ्यांपुढं चेहरे नाचतायत. तिचा मेसेज नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मेसेज आला! दोन फोटो. खाली लिहिलं होतं, "पहिला फ्लेक्ससाठी, दुसरा फ्रेमसाठी." दोघंही म्हातारे, दोघांनाही चष्मा, दोघांच्याही अंगात फुलाफुलांचा शर्ट.

तिनं डीपी बदललाय. अजिंक्यताऱ्यावर उभी आहे, वाऱ्यानं ओढणी उडतेय, मागं सगळा सातारा. कुणी काढला असेल फोटो? भावानं काढला असावा. भाऊ असेल तर बरं.

फ्लेक्स करून पाठवला. "ओके". फ्रेम करून आणली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

लिहू नये असं झालंय. तरी लिहितो.

ती पाहुण्यांना आणायला कोल्हापूरच्या विमानतळावर गेली होती, म्हणून स्टेज मी आणि शिपायांनी लावलं. मागं फ्लेक्स — प्रमुख पाहुणे, खाली मोठ्ठा फोटो. टेबलावर फ्रेम, हार, समई, अगरबत्ती. मस्त दिसत होतं. पाहुणे आले. दारातच फेटा बांधला. ती गाडीतलं सामान बघत मागं राहिली. माने सरांनी पाहुण्यांचा हात धरून थेट टेबलापाशी नेलं, कारण अगरबत्ती विझत आली होती.

मी माईकपाशी होतो. मी पाहुण्यांकडं बघितलं. फ्रेमकडं बघितलं. परत पाहुण्यांकडं बघितलं.

फ्रेममध्ये तेच होते.

जिवंत माणसाच्या फोटोला चंदनाचा हार. पुढं अगरबत्ती. आणि मागं फ्लेक्सवर प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचे वारलेले गुरू, हात जोडून, आठ बाय बारा.

माने सरांनी फुलं वाहिली. मुजावर सरांनी वाहिली. चौगुले सरांनी डोळे मिटून वाहिली. मग पाहुण्यांच्या ओंजळीत फुलं दिली. डॉ. हरतोनोंनी स्वतःच्या फोटोकडं बघितलं, सगळ्यांकडं बघितलं, आणि अगदी अदबीनं स्वतःलाच फुलं वाहिली. इथली रीत असेल, असं वाटलं असावं.

तेवढ्यात ती दारात आली.

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ओरडली नाही. नुसती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

डॉ. हरतोनो भाषणाला उठले. राजेश्वरी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होती. ते म्हणाले, "माझे गुरू जाऊन खूप वर्षं झाली. आमच्याकडं त्यांची कुणी आठवण काढत नाही. तुम्ही त्यांना प्रमुख पाहुणे केलंत. मी कोण त्यांच्यापुढं? म्हणून मला आधीच वर पाठवलंत, हेही बरोबर केलंत." आणि हसले. खूप हसले. मग सगळं सभागृह हसलं. माने सर सोडून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मला वाटलं, हसण्यावारी गेलं. कसलं जातंय.

इथल्या एका पेपराचा वार्ताहर पूजन झाल्या झाल्या दुसऱ्या कार्यक्रमाला गेला होता. आज छापून आलंय — दिवंगत डॉ. हरतोनो यांच्या प्रतिमेचे पूजन, डॉ. सुबग्यो यांचे मोलाचे मार्गदर्शन. म्हणजे जिवंत मेला आणि मेलेल्यानं मार्गदर्शन केलं.

कुणीतरी ते इंग्रजीत करून दिल्लीला पाठवलं. दिल्लीच्या संस्थेनं हरतोनोंच्या विद्यापीठाला शोकसंदेश पाठवला. विद्यापीठानं घरी फोन केला. दुपारी हरतोनोंना बायकोचा फोन. ते म्हणे तिला सांगत होते, मी बरा आहे, आत्ताच पुरणपोळी खाल्ली. ती म्हणाली, मग रोज दोनदा फोन करायचा ठरलं होतं, तो का केला नाहीस? आणि अर्धा तास भांडली.

चौगुले सर सांगत होते, "भांडण ऐकून खात्री पटली, माणूस जिवंत आहे."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ. हरतोनो स्वतः दुकानात आले, मुजावर सरांबरोबर. ती फ्रेम पाहिजे म्हणाले, हारासकट. आपल्या माघारी काय होणार हे फार थोड्यांना बघायला मिळतं म्हणे. दादानं चहा मागवला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी मागितली. त्यांनी खांद्यावर थाप मारली.

मग सहज म्हणाले, राजेश्वरी ऑगस्टमध्ये आमच्या विद्यापीठात येणार आहे, दोन वर्षं, शिकायला. आमच्याकडून सगळं ठरलंय. तुमच्या प्राचार्यांचं आणि दिल्लीच्या संस्थेतल्या मॅडमचं एक शिफारसपत्र तेवढं बाकी आहे.

दोन वर्षं! इंडोनेशिया!

ते गेल्यावर मुजावर सर मागं राहिले. म्हणाले, "ते पत्र अडकलंय रे बाबा. दिल्लीनं खुलासा मागितलाय. माने सर म्हणतात, हा घोळ कुणी केला ते ठरल्याशिवाय कुणाच्या कागदावर सही नाही. नऊ तारखेला साताऱ्याला कार्यशाळेचा दुसरा भाग आहे, दिल्लीच्या मॅडम येणार आहेत, तिथं ठरणार."

खरं लिहितो, कुणी वाचणार नाही म्हणून. मला आनंद झाला. पत्र नाही तर ती जाणार नाही. इथंच राहणार. मी चक्क शीळ घातली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ती सगळ्यांची पोस्टर बघायला आली. डोळे सुजलेले. मी खुर्ची पुसून दिली.

म्हटलं, "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"माझं चुकलं म्हणून सांगितलं."

"पण तुम्ही तर नीट लिहून पाठवलं होतं. पहिला फ्लेक्ससाठी —"

"ठाऊक आहे मला काय लिहिलं होतं ते. उलटं तुम्ही केलंत. पण तुम्ही छापायच्या आधी मला दाखवलं होतं, आणि मी न बघता ओके लिहिलं. बघायचं काम माझं होतं."

"माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? कॉलेज तुमच्या भावाला पुन्हा काम देणार नाही. आधीच तुमचं नि त्यांचं एवढं सख्य!" मग पोस्टरकडं बघत म्हणाली, "चौगुले सरांची हळद छान झाली. फक्त इथं जावा बेटाचा नकाशा उलटा लागलाय, आर्जव. तो तरी सरळ करा."

मी केला. तिच्या पापणीवर पाणी होतं आणि ती नकाशा बघत होती.

४ मार्च, बुधवार

धुळवड. कुणाशी बोललो नाही. दादा म्हणाला, "रंगाविनाच तोंड असं झालंय का?"

७ मार्च, शनिवार

दादाला सगळं सांगितलं. तो लॅमिनेशन करत होता.

"मग गप बस की," म्हणाला. "पोरगी इथंच राहती. कॉलेजचं कामही राहतंय. तुला आणि काय पाहिजे?"

"तिला जायचंय दादा."

"मग जाऊ दे."

"पण मग ती जाईल!"

"आर्जव, तू एकदा काय ते ठरव. मी प्लास्टिक जाळलं तुझ्या नादात."

खरंच जाळलं होतं.

८ मार्च, रविवार

दिवसभर ठरवत होतो. कधी वाटायचं, मी गप्प बसलो तर काय बिघडतंय? दुसरी संधी मिळेल तिला. पुण्यात मिळेल. शिरवळला एवढे कारखाने आहेत, तिथं काहीतरी मिळेल. मग मला माझाच राग आला. इंडोनेशियाला निघालेल्या पोरीला मी शिरवळला पाठवतोय!

दुपारी मुजावर सरांकडं जाऊन त्यांचा तो नकाशा बघितला. रशिया खरंच फुटलेला नाही. जावा बोटभर. म्हटलं, "सर, किती लांब आहे हो?" ते म्हणाले, "फार नाही. समुद्र तेवढा मधे आहे."

आणि गप्प बसून मी तिला मिळवलीच, तर रोज तिच्यासमोर जेवायला बसायचं. घास उतरेल का? मला नाही उतरणार.

उद्या सकाळी पोस्टर टेम्पोत घालून साताऱ्याला. नवा शर्ट इस्त्री केलाय. आईनं विचारलं, "कुणाचं लगीन?" म्हटलं, "कुणाचंच न्हाई."

९ मार्च, सोमवार. सातारा

पोस्टर लावली. चौगुले सरांच्या हळदीपुढं गर्दी होती. पलीकडच्या खोलीत बैठक चालू झाली, राजेश्वरीही तिथंच. मी न विचारता आत गेलो.

म्हटलं, "फोटो मी उलटे लावले. ह्यांनी बरोबर पाठवलं होतं. मी ह्यांचा डीपी बघत बसलो होतो."

"डीपी?" माने सर. "तो कशाला?"

झालं. डोकं तापलं.

"कशाला म्हणजे? आवडतात मला ह्या!"

मग चौगुले सर म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

दिल्लीच्या मॅडमना मराठी येत नाही. मुजावर सरांनी त्यांना हिंदीत सांगितलं. काही गाळलं नाही, पदरचं थोडं घातलंसुद्धा. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, पत्र पुढं ओढलं आणि सही केली. माने सरांपुढं सरकवलं. त्यांनीही केली.

म्हणजे ती जाणार. ऑगस्टमध्ये. मी दाराकडं वळलो.

"आर्जव, बाहेर थांब," ती म्हणाली. मला आजवर तिनं तुम्हीच म्हटलंय. "जाऊ नकोस कुठं. हे आवरून मी येते. आणि दार लावून घे, सगळं कॉलेज ऐकतंय."

मी बाहेर आलो. दार लावून घेतलं.